मुलामा जपायचा तर

२०२५ साली दहा ग्रॅम सोन्याचा भाव एक लाख रुपयांच्या पुढे गेला. त्याआधीपासूनच आंबेगाव-जुन्नरच्या पट्ट्यात अनेक घरांतलं खरं सोनं बँकेच्या लॉकरमध्ये किंवा सोनेतारण कर्जात अडकलेलं असतं. लग्नाला, जत्रेला, हळदीकुंकवाला अंगावर येतो तो ‘एक ग्रॅम’चा नाहीतर बेंटेक्सचा दागिना. हुतात्मा बाबू गेनूंचं जन्मगाव असलेल्या महाळुंगे पडवळमध्येही यापेक्षा वेगळं चित्र नाही. ठुशी, बोरमाळ, कोल्हापुरी साज, पाटल्या, नथ असं सगळं तुळशीबागेतून किंवा भुलेश्वरातून आणलेलं असतं, आणि ते हौसेनं मिरवलंही जातं.

पण खऱ्या सोन्याला जपणारी बाई हा दागिना मात्र वापरून टाकते. चार लग्नं झाली की काळा पडणारच, असं गृहीत धरते. माझं म्हणणं एवढंच, की तो इतक्या लवकर काळा पडायचं कारण नाही. त्याची घडण नीट समजून घेतली तर तो कितीतरी जास्त दिवस टिकतो, आणि त्यासाठी वेगळा खर्चही येत नाही.

पिवळा थर केवढा?

‘एक ग्रॅम सोन्याचा हार’ म्हणजे त्या हारात एक ग्रॅम सोनं आहे, असं नाही. तेवढ्या सोन्यालाच आज दहा हजारांच्या वर मोजावे लागतात. पाचशे रुपयांच्या हारात ते असणार कुठून? आतला गाभा बहुतेक वेळा पितळेचा म्हणजे तांबं-जस्ताचा, कधी तांब्याचा, तर कधी जस्ताच्या मिश्रधातूचा असतो. त्यावर अनेकदा निकेलचा थर, त्यावर विजेच्या साहाय्यानं चढवलेला सोन्याचा मुलामा आणि सर्वात वर पारदर्शक लॅकर, अशी रचना असते.

स्वस्त दागिन्यावरचा सोन्याचा थर एक दशांश मायक्रॉनच्या आसपास किंवा त्याहूनही पातळ असू शकतो. मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. हिशेब मांडला तर या जाडीनं एक ग्रॅम सोनं सुमारे अर्धा चौरस मीटर पृष्ठभाग झाकतं. म्हणजे एवढ्याशा सोन्यात कितीतरी हार पिवळे होतात. चांगल्या प्रतीच्या कामात थर अर्धा ते एक मायक्रॉन असतो, आणि तो वर्षानुवर्षं साथ देतो.

पूर्वी सोनं पाऱ्यात कालवून धातूवर लावत आणि भट्टीत पारा उडवून देत. त्या वाफेनं कारागिरांच्या तब्येतीची हानी होई. १८४० साली इंग्लंडमध्ये एल्किंग्टन यांनी विजेच्या मुलाम्याचं पेटंट घेतलं आणि ही पद्धत मागे पडत गेली.

काळं पडतं ते सोनं नव्हे

सोनं गंजत नाही आणि काळंही पडत नाही. काळं पडतं ते खालचं तांबं. इतक्या पातळ थरात डोळ्यांना न दिसणारी छिद्रं असतात. घामातलं मीठ आणि आम्लं त्यांतून पितळेपर्यंत पोचतात. त्यातच सोनं आणि तांबं खारट पाण्यात एकमेकांना चिकटून असले की तांबं जास्त वेगानं झिजतं. मानेवर उमटणारी हिरवी रेघ ही त्या तांब्याच्या क्षारांची असते. साबणानं धुतली की जाते, तिला घाबरू नये.

दुसरा शत्रू गंधक, आणि आपल्या भागात तो जागोजागी भेटतो. कांदा चिरताना उडणाऱ्या वाफेत गंधकाची संयुगं असतात. बराखीत कांदा सडायला लागला की तिथल्या हवेतही ती असतात. जुन्नरच्या द्राक्षबागांत भुरीवर गंधकाची फवारणी होते. शेतात टाकायच्या युरियापासून सुटणारा अमोनियाही तांब्याला खातो. म्हणून कांदा निवडताना, फवारणीच्या किंवा खत टाकायच्या दिवशी मुलाम्याचं मंगळसूत्र आणि पाटल्या घरी काढून ठेवाव्यात. रोज घालायचंच असेल तर काळ्या मण्यांची साधी पोत बरी.

घामाचा मारा सर्वात जास्त होतो तो रंगमंचावर. नारायणगाव ही तमाशाची पंढरी. रात्रभर बोर्डावर नाचणाऱ्या कलावंताच्या गळ्यातला साज घामात आणि रंगात भिजून निघतो. अशा दागिन्याला उतरवल्या उतरवल्या पुसणं हेच खरं औषध. तो ओला तसाच पेटीत गेला, तर सकाळपर्यंत खराबीला सुरुवात झालेली असते.

ठुशी कशी पुसावी

ठुशी हे अवघड उदाहरण, म्हणून तेच घेऊ. बारीक मणी एकमेकांना खेटून गुंफलेले, मागे दोऱ्याचा गोंडा. घाम मण्यांच्या खोबणीत आणि दोऱ्यात मुरतो. ठुशी पाण्यात कधीही बुडवू नये. दोरा भिजला की तो आतल्या आत दोन दिवस ओल धरतो आणि मणी मागच्या बाजूनं काळे पडतात.

जुन्या, धुऊन मऊ झालेल्या सुती साडीचा तुकडा घ्या. कोमट पाण्याच्या वाटीत अंगाच्या सौम्य साबणाचे दोन थेंब टाका, कापडाचं टोक त्यात बुडवून घट्ट पिळा आणि ठुशी पालथी घालून आधी मागची, कातडीला लागणारी बाजू टिपून घ्या. घासू नका. मग नुसत्या पाण्यात पिळलेल्या टोकानं साबण काढा आणि कोरड्या कापडावर पसरून पंख्याखाली तास-दोन तास ठेवा. उन्हात ठेवू नका. लॅकर आणि खोटे मोती दोन्ही पिवळट होतात. मंगळसूत्राच्या वाट्या आतून पोकळ असतात, आंघोळीचं साबणाचं पाणी तिथे साचून राहतं. कापडाची वळी करून प्रत्येक वाटी आतून कोरडी करावी.

घरोघरी जे उपाय केले जातात, ते मात्र टाळायला हवेत: चिंच, लिंबू, राख, खायचा सोडा, टूथपेस्ट, भांडी घासायची पावडर. यांनी दागिना लखलखतो हे खरं, पण तो उजळतो तो पितळ म्हणून. आंबटानं आणि घासण्यानं मुलामा निघून जातो आणि उघडं पडलेलं पितळ आठवडाभरात पुन्हा काळवंडतं. तांब्याच्या हंड्याला जे मानवतं, ते या दागिन्याला मानवत नाही.

सणासुदीचं वेळापत्रक

नियम सोपा आहे: सर्वात शेवटी घालायचं, सर्वात आधी काढायचं. साडी, पावडर, केस, गजरा, अत्तर सगळं झाल्यावर पाच मिनिटं थांबून दागिने घालावेत. अत्तर आणि स्प्रेमधल्या द्रावकानं लॅकर विरघळतं आणि नथीच्या मोत्यांवरची चकाकी जाते. अभ्यंगस्नानाला तेल-उटण्याच्या वेळी अंगावर काही नको. फटाक्यांच्या दारूतही गंधक असतो, म्हणून फटाके उडवून आल्यावर दागिने पुसूनच ठेवावेत. लक्ष्मीपूजनात त्यांची पूजा करायची तर कोरड्या अक्षता आणि फूल वाहावं; ओलं हळदकुंकू आणि पंचामृत मुलाम्याला बाधतं.

गौरीचे दागिने तीन दिवस बाहेर आणि बाकी वर्ष डब्यात असतात. ते वापरानं कमी आणि साठवणुकीनं जास्त बिघडतात. प्रत्येक दागिना स्वतंत्र, लॉक होणाऱ्या प्लास्टिकच्या पिशवीत घालावा, हवा दाबून काढावी आणि सोबत सिलिका जेलची पुडी किंवा खडूचा तुकडा ठेवावा. रबरबँड लावू नये; रबरात गंधक असतो. पावसाळ्यात, विशेषतः भीमाशंकरच्या बाजूच्या पावसाळी गावांत, महिन्यातून एकदा डबा उघडून पाहावा.

कान खाजत असतील तर

कानाच्या पाळीला खाज, लाली, पाणी येत असेल तर बहुधा कारण निकेल असतं. युरोपात १९९४च्या निर्देशापासून दागिन्यांतून सुटणाऱ्या निकेलवर मर्यादा आहे. ही अ‍ॅलर्जी एकदा जडली की सहसा जन्मभर राहते. त्यामुळे कानात-नाकात जाणारी दांडी सोन्याची किंवा चांगल्या चांदीची असावी. बाकी कुडी किंवा झुबे मुलाम्याचे चालतील. लहान मुलांना स्वस्त दागिने तोंडात घालू देऊ नयेत, काही मिश्रधातूंत शिसं आणि कॅडमियम सापडतं.

पुन्हा पॉलिश

मुलामा विरला म्हणून दागिना संपला, असं नाही. घडण चांगली, जोड पक्के आणि टिका-पानं शाबूत असतील तर पॉलिशवाल्याकडून नवा थर चढवून घेता येतो. हे काम घरी करू नये; या व्यवसायातली सोन्याची द्रावणं बहुधा सायनाइडयुक्त असतात. वजनाला हलका, जस्ताचा ठिसूळ दागिना असेल तर पॉलिशचा खर्च वाया जातो. जड पितळेचा साज किंवा तोडे असतील तर तो सार्थकी लागतो.

शेतमजुरी करणाऱ्या बाईनं साठवलेल्या पैशांतून घेतलेली ठुशी तिच्यासाठी दागिनाच आहे, आणि दागिन्यासारखी निगा तिला मिळायला हवी. खरेदी करताना आणि पॉलिशला टाकताना दोन प्रश्न जरूर विचारा: खाली धातू कोणता, आणि थर किती मायक्रॉनचा? विचारणारं गिऱ्हाईक वाढलं, तर खरं सांगून चांगला माल देणारा दुकानदारही वाढेल.