जनावर बरं झालं, हे कधी म्हणायचं?



एरवी मी पिकाचा सल्ला पाठवते, आज जरा गोठ्याचं बोलू. मी शेतीच्या डिप्लोमावाली, जनावरांची डॉक्टर नाही. पण परवा कंपनीच्या कामासाठी पशुवैद्यकीय दवाखान्यात गेले आणि दुपारपर्यंत तिथंच थांबले. जे पाहिलं, ते डॉक्टरांना विचारून खात्री करूनच लिहितेय.

*१) बसलेली गाय तासाभरात उठली*

सकाळीच एका वस्तीवरून फोन आला. तिसऱ्या वेताची संकरित गाय आदल्या दिवशी व्यालेली, पहाटेपासून उठेना. डॉक्टरांबरोबर मीही गेले. गाय मान पोटाकडे वळवून बसलेली, कान थंडगार, नाक कोरडं. हा दुग्धज्वर. नावात ज्वर आहे, पण ताप नसतो, उलट अंग गार पडतं. व्याल्यावर चिकात एकदम भरपूर कॅल्शियम जातं, हाडांतून तेवढं लगेच निघत नाही, रक्तात कमी पडतं आणि स्नायू ढिले पडतात.

डॉक्टरांनी कॅल्शियमची बाटली शिरेतून अगदी सावकाश लावली, एका हातानं सतत छातीचे ठोके बघत. थोड्या वेळानं गाईचं अंग थरथरलं, ढेकर आली, शेण टाकलं, नाकावर घामाचे थेंब दिसले. तासाभरात गाय उभी! घरातल्या आजी रडायच्याच बाकी होत्या.

पण डॉक्टर निघताना म्हणाले, "अजून दोन दिवस लक्ष ठेवा, काही गायी परत बसतात." म्हणून पहिले दोन दिवस कास पूर्ण रिकामी करायची नाही, वासराला पुरेल आणि कास हलकी होईल एवढंच दूध काढायचं. आणि एक, दुकानातून बाटली आणून स्वतः शिरेत लावू नका. कॅल्शियम भरकन गेलं तर हृदय बंद पडतं.

*२) वास्तुशांतीचा भात आणि शेळी*

दवाखान्यात परत आलो तर एक ताई शेळीला तिसऱ्या दिवशी दाखवायला आल्या होत्या. कार्यक्रमाचा उरलेला भात वाया नको म्हणून शेळीपुढं पाटीभर टाकला होता. भात, चपात्या, धान्य एकदम जास्त पोटात गेलं की तिथं आम्ल तयार होतं. अंगातलं पाणी पोटात ओढलं जातं, रवंथ बंद, जनावर मलूल. वेळेत सलाईन आणि सोड्याचा उपचार झाला म्हणून शेळी वाचली. डॉक्टरांनी ताईंना पहिलं विचारलं, "रवंथ करते का?" ताई म्हणाल्या, "काल रात्रीपासून करतेय." तेव्हा कुठं डॉक्टर हसले. अजून काही दिवस सुका चारा, खुराक हळूहळू.

*३) आमची स्वतःची चूक*

तिसरी गोष्ट आमच्याच गोठ्यातली. मागच्या पावसाळ्यात आमच्या गाईला कासदाह झाला, आपण दगडी म्हणतो तो. डॉक्टरांनी पाच दिवसांचा कोर्स सांगितला. तिसऱ्या दिवशी सूज उतरली, दुधातल्या गाठी गेल्या. वडील म्हणाले, "झाली की बरी, कशाला उगाच सुया?" आणि औषध चालू असताना दूध डेअरीला घालता येत नाही, तोही तोटा डोळ्यांपुढं होता. मीही गप्प बसले. आठ-दहा दिवसांत तोच सड परत दगडासारखा झाला. आज गाय तीन सडांवर दूध देते.

सूज उतरली म्हणजे जंतू मेले असं नाही. उरलेले जंतू कासेत दबा धरून बसतात. हे मला माहीत होतं, तरी घरात बोलले नाही. तुम्ही तसं करू नका.

*लक्षात ठेवा*

✅ जनावर बसलं, चारा सोडला, रवंथ थांबली की लगेच फोन करा. संध्याकाळपर्यंत वाट बघू नका. फिरत्या पथकासाठी टोल-फ्री नंबर १९६२. कानातल्या बिल्ल्याचा १२ अंकी नंबर हाताशी ठेवा.

✅ बसलेल्या जनावराला बाटलीनं काही पाजू नका. ठसका लागून औषध फुफ्फुसात जातं.

✅ डॉक्टर येईपर्यंत जनावर आडवं पडू देऊ नका. छातीवर बसतं राहील असा भुश्याच्या पोत्यांचा दोन्ही बाजूंनी टेकू द्या. दर दोन-तीन तासांनी कूस बदला, खाली मऊ अंथरा.

✅ कोर्स पूर्ण करा. औषधाचे दिवस आणि डॉक्टर सांगतील ते पुढचे दिवस दूध डेअरीला घालू नका.

✅ धार काढल्यावर लगेच पुढ्यात चारा टाका. सडाचं तोंड अर्धा तास तरी उघडं असतं, तेवढा वेळ गाय उभी राहिली पाहिजे. दगडीची गाय सगळ्यात शेवटी पिळा.

✅ गाभण गाईला शेवटचे दोन-तीन आठवडे मनानं कॅल्शियम पाजू नका. आयतं मिळालं की शरीर हाडांतून काढायची सवय सोडतं आणि व्याल्यावर गाय बसते.

डॉक्टरांचं काम तासाभराचं असतं, पुढचे चार-पाच दिवस आपले. जनावर खातंय, रवंथ करतंय, कोर्स संपलाय आणि डॉक्टर "आता ठीक" म्हणालेत, तेव्हाच बरं झालं म्हणा.

तुमच्या गोठ्यात सध्या कोणी आजारी असेल तर याच नंबरवर कळवा. डॉक्टरांना विचारून सांगते.