मोटरसायकलची वीज मध्येच जाते कुठे?

घाटातलं वळण घेताना मीटरचा काटा एकदम शून्यावर येतो, हेडलाइट विझतो, इंजिन गप्प होतं. दोन सेकंदांत सगळं पुन्हा सुरू. पुढे पाच-पंधरा किलोमीटर काहीच होत नाही. गाडी गॅरेजात नेली, तासभर चालू ठेवली, तरी ती एकदाही बंद पडत नाही. मेकॅनिक म्हणतो, ‘‘बॅटरी गेली असेल, नवीन टाकू.’’ नवीन बॅटरी बसते, आठवडाभर बरं चालतं आणि भर पावसात पुन्हा तेच.

मोटरसायकलच्या बिघाडांत हा सगळ्यांत चिवट. पेट्रोल गळलं तर डाग दिसतो, चेन सैल झाली तर आवाज येतो. वीज मात्र जाते आणि मागमूस न ठेवता परत येते. मग अंदाजाने पार्ट बदलणं सुरू होतं. आधी बॅटरी, मग रेग्युलेटर, मग मॅग्नेट कॉइल. काही हजार रुपये गेल्यावर कळतं की, बारा-पंधरा रुपयांचं टर्मिनल सैल होतं. अशा बिघाडात दोष बहुतेक वेळा पार्टमध्ये नसतो, दोन पार्ट जिथे जोडले जातात तिथे असतो. आणि तो नशिबाने नव्हे, तर क्रमाने शोधला की सापडतो.

हे शोधणं आज पूर्वीपेक्षा जास्त गरजेचं झालं आहे. जुन्या कार्ब्युरेटरच्या अनेक गाड्यांत ठिणगीची वीज थेट मॅग्नेटमधून यायची. बॅटरी पार मेली तरी किक मारून घर गाठता यायचं. १ एप्रिल २०२०पासून बीएस-६ प्रदूषण निकष लागू झाले आणि बहुतेक गाड्यांत फ्युएल इंजेक्शन आलं. आता पेट्रोलचा पंप, इंजेक्टर आणि त्यांना हुकूम देणारा ईसीयू हे सगळे १२ व्होल्टच्या जिवावर चालतात, आणि कित्येक गाड्यांची किकही गेली. १२५ सीसीच्या वरच्या गाड्यांना २०१९पासून एबीएस सक्तीचं आहे. वीज गेली की तेही थांबतं. हायड्रॉलिक ब्रेक लागतो, पण ओल्या रस्त्यावर चाक लॉक होण्यापासून वाचवणारा हात निघून गेलेला असतो. त्यात रात्र असेल तर हेडलाइट नाही, मागच्या ट्रकला दिसेल असा टेललाइटही नाही.

चावीच्या स्विचमधला किरकोळ दोष किती घातक ठरू शकतो, याचं उदाहरण मोटारींच्या जगात आहे. जनरल मोटर्सने २०१४ साली सुमारे २६ लाख मोटारी परत मागवल्या. इग्निशन स्विचची पकड कमकुवत होती. चावीला लटकवलेल्या जड वजनाने किंवा धक्क्याने चावी आपोआप मागे सरकायची, इंजिन बंद पडायचं आणि एअरबॅगही उघडत नसे. कंपनीच्या भरपाई निधीने पुढे १२४ मृत्यूंचे दावे मान्य केले. मोटरसायकलच्या चावीला घराच्या, दुकानाच्या, गोदामाच्या चाव्यांचा जुडगा अडकवणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं. तो जुडगा खड्ड्याखड्ड्याला हिसके देतो आणि स्विचच्या आतले पितळी पत्रे झिजवतो.

तपासाची सुरुवात पान्याने नव्हे, डोळ्यांनी होते. गाडी बंद पडली की सुरक्षित जागी बाजूला घ्यावी आणि चावी लगेच फिरवू नये. पहिल्यांदा पाहायचं ते एकच: एकाच वेळी काय काय गेलं? मीटर, हॉर्न, ब्रेकलाइट शाबूत आहेत आणि फक्त इंजिन मेलं, तर मुख्य वीज गेलेलीच नाही. मग संशय साइड स्टँडच्या स्विचवर, हँडलवरच्या लाल बटणावर, पंपाच्या रिलेवर किंवा इग्निशन कॉइलवर. कधी कधी खरोखर पार्टच सदोष असतो. मे २०२१मध्ये रॉयल एनफिल्डने सदोष इग्निशन कॉइलच्या शक्यतेमुळे क्लासिक, बुलेट आणि मिटिऑर मिळून सुमारे २ लाख ३७ हजार गाड्या परत बोलावल्या होत्या. नुसती कॉइल दगा देते तेव्हा इंजिन अडखळतं. हेडलाइट मात्र सहसा जळत राहतो.

सगळंच एकदम गेलं असेल, तर दोष सगळ्यांच्या सामायिक वाटेवर आहे. ही वाट छोटी आहे: बॅटरीचं टर्मिनल, मुख्य फ्यूज, चावीचा स्विच, आणि परत येताना अर्थ, म्हणजे फ्रेम-इंजिनला जोडलेली निगेटिव्ह वायर. या चार ठिकाणांतलं कोणतं, हे सांगणारी एक खूण पुष्कळ गाड्यांत समोरच असते आणि तिच्याकडे फारसं कुणी पाहत नाही. ती म्हणजे मीटरमधलं घड्याळ. घड्याळाला बॅटरीची वीज चावीच्या आधीच्या वाटेने मिळते, म्हणून तर चावी काढल्यावरही वेळ चुकत नाही. गाडी बंद पडून सुरू झाल्यावर घड्याळ मूळ आकड्यावर गेलेलं दिसलं, तर वीज चावीच्या अलीकडेच तुटली आहे: टर्मिनल, फ्यूज, अर्थ किंवा खुद्द बॅटरीच्या आतली जोडणी. घड्याळ बिनचूक असेल, तर आधी चावीचा स्विच आणि त्याच्या वायरी पाहाव्यात. अगदी क्षणभराच्या खंडाने घड्याळ हलत नाही, त्यामुळे दोन-तीन वेळचं निरीक्षण जमवावं.

दुसरा प्रश्न, वीज गेली तेव्हा गाडी काय करत होती? हँडल वळवतानाच जाते, तर कोनसेटजवळच्या, म्हणजे हँडल जिथे फिरतं त्या बेअरिंगजवळच्या वायरी पाहिल्याच पाहिजेत. चावीचा स्विच बहुतेक गाड्यांत हँडलच्या टीवर बसवलेला असतो, म्हणजे हँडलबरोबर फिरतो. त्याखालची वायर प्रत्येक वळणाला वाकते. वर्षानुवर्षं वाकून आतले तांब्याचे बारीक धागे एकेक करून तुटतात, पण बाहेरचं प्लॅस्टिक जसंच्या तसं राहतं. अशी वायर दोन बोटांत धरून हळूच ओढली की तुटलेल्या जागी ती रबरासारखी ताणली जाते आणि बारीक होते. शाबूत वायर ताणली जात नाही. इंजिन तापल्यावरच वीज जाते आणि थंड झाल्यावर येते, तर उष्णतेने फाकणारी जोडणी शोधावी. पाऊस किंवा पाण्याचा जोरदार फवारा मारून केलेलं वॉशिंग यांनंतर त्रास सुरू झाला, तर वायरी जोडणारे कपलर उघडून पाहावेत. आतल्या पिनांवर हिरवट क्षार दिसतो.

मल्टिमीटर आता बऱ्याच गॅरेजात असतो, पण तो फसवतो कसा, हे समजून घ्यायला हवं. वायरीतले जवळजवळ सगळे धागे तुटून एखाददुसऱ्या गंजक्या धाग्यावर ती तग धरून असली, तरी मीटर १२.६ व्होल्ट दाखवतो. मीटर स्वतः जवळपास करंट खातच नाही, त्यामुळे वाटेतल्या अडथळ्याची परीक्षाच होत नाही. नळ बंद असताना चोंदलेल्या पाइपातही दाब पुरा दिसतो, तसं हे. हेडलाइटचा ५५-६० वॅटचा बल्ब जवळजवळ पाच अँपिअर ओढतो. जोडणीत जेमतेम अर्धा ओहम रोध असला, तरी दोन व्होल्टहून अधिक तिथेच जिरतात आणि आठ-दहा वॅट उष्णता त्या इवल्याशा पिनेवर तयार होते. कपलर तपकिरी पडतो, मग वितळतो.

म्हणून मोजणी भार टाकून करायची. चावी चालू, हेडलाइट चालू, ब्रेक दाबलेला. मीटर व्होल्टवर ठेवून एक प्रोब बॅटरीच्या पॉझिटिव्ह खांबावर, शिशाच्याच खांबावर, वरच्या बोल्टवर नव्हे. दुसरा प्रोब फ्यूजच्या पलीकडे, मग स्विचच्या पलीकडे, असा पुढे पुढे न्यायचा. जो आकडा दिसतो तो वाटेत हरवलेला व्होल्ट. दोन-तीन दशांश व्होल्टपर्यंत ठीक. अर्ध्या व्होल्टच्या वर गेला की, त्या टप्प्यातच दोष आहे. हे करताना दुसऱ्याने हँडल वळवावं, वायरिंगचा जुडगा वीतभर वीतभर हलवावा. आकडा उडी मारेल ती जागा.

हीच मोजणी निगेटिव्ह बाजूलाही हवी. बॅटरीचा निगेटिव्ह खांब ते इंजिन, आणि खांब ते फ्रेम. अर्थकडे फारच दुर्लक्ष होतं. अर्थची वायर रंग किंवा गंज चढलेल्या पत्र्यावर बोल्टने कसलेली असते. बाहेरून घट्ट दिसते, पण धातूला धातू लागतच नाही. बोल्ट काढून दोन्ही बाजू पॉलिशपेपरने चकचकीत कराव्यात, कसून बसवाव्यात आणि वरून व्हॅसलिन लावावं. कित्येक गाड्यांचा अनेक महिन्यांचा त्रास एवढ्यावर मिटतो.

चार्जिंगचा भाग सोपा आहे. पूर्ण भरलेली बॅटरी शांत असताना १२.६च्या आसपास दाखवते आणि इंजिन मध्यम वेगात असताना साधारण १३.८ ते १४.५. चार्जिंग कमी असेल तर लाइट हळूहळू मंदावतो, सेल्फ जड फिरतो. क्षणात जाऊन क्षणात येणारी वीज हे त्याचं लक्षण नव्हे.

बाहेरून बसवलेल्या वस्तूंचं काय? फॉगलाइट, मोबाइल चार्जर, मोठा हॉर्न, चोरीचा अलार्म. यांतलं एकेक बसवताना कंपनीच्या वायरिंगचं प्लॅस्टिक सोलून, नुसता पीळ देऊन वर काळी टेप गुंडाळलेली असते. टेपचा डिंक उन्हाने सुटतो, पाणी शिरतं, पीळ हलतो. असा त्रास असेल तर पहिल्यांदा या वस्तू काढून गाडी काही दिवस चालवून पाहावी. अलार्म तर इग्निशनच्या वाटेतच बसवलेला असतो.

दोन गोष्टी मात्र कधीच करू नयेत. फ्यूजच्या जागी तांब्याची तार किंवा चांदीचा कागद लावू नये. पुढच्या शॉर्टमध्ये फ्यूजऐवजी वायरिंग जळतं. आणि इंजिन चालू असताना बॅटरीची वायर काढून ‘चार्जिंग होतंय का’ ते पाहण्याची जुनी युक्ती इंजेक्शनच्या गाडीवर वापरू नये. बॅटरी सुटली की व्होल्टेज उसळतं आणि हजारो रुपयांचा ईसीयू जाऊ शकतो.

गाडी गॅरेजात नेताना फक्त ‘बंद पडते’ एवढंच सांगू नका. काय काय एकदम गेलं, घड्याळाचं काय झालं, हँडल कुठे वळलेलं होतं, इंजिन गरम होतं की थंड, पाऊस होता का, हे मोबाइलमध्ये टिपून ठेवा आणि मेकॅनिकला दाखवा. तो नवा पार्ट सुचवू लागला, तर आधी भार टाकून घेतलेला व्होल्टचा आकडा विचारा. आकडा दाखवल्याशिवाय पैसे देऊ नका.