साथीला कॉम्प्युटर, पण उशीर कुणाचा? मिडी सेटअप लावताना काय तपासायचं

पीएचडीच्या दुसऱ्या वर्षी माझ्याकडे एक छान निष्कर्ष होता: कीबोर्ड वाजवणाऱ्याला कॉम्प्युटर साथ द्यायला लागला की वादकाची लय हळूहळू खाली येते. आलेख सुंदर, पोस्टरही जवळपास तयार. विभागातल्या सादरीकरणात गाइड मॅडमनी एकच प्रश्न विचारला, "की दाबल्यापासून आवाज येईपर्यंत तुझ्या सेटअपला किती वेळ लागतो?" मला उत्तर देता आलं नाही. नंतर मोजलं तर ८० मिलिसेकंदांहून जास्त! उशीर माझा लॅपटॉप करत होता आणि वादक बिचारे त्याला सांभाळून घेत होते. १४ जणांचा डेटा बाजूला ठेवावा लागला.

तुम्ही संगीत, मेंदू किंवा मानव-यंत्र संवाद यांपैकी कशावरही प्रयोग करणार असाल, तर हा सेटअप कधी ना कधी लावालच. म्हणून क्रमाने सांगते.

मिडीतून नेमकं काय जातं?

आवाज जात नाही, हे आधी पक्कं करा. १९८३ साली बाजारात आलेल्या या पद्धतीत फक्त निरोप जातो: कोणती की, किती जोरात, कोणत्या चॅनेलवर. की आणि जोर दोन्ही ० ते १२७ या आकड्यांत. जुन्या गोल पिनांच्या केबलचा वेग सेकंदाला ३१,२५० बिट. एका सुराचा निरोप ३ बाइटचा, प्रत्येक बाइटला १० बिट लागतात, म्हणजे जेमतेम १ मिलिसेकंद. यूएसबी तर त्याहून वेगवान. थोडक्यात, उशिरासाठी केबलला दोष देऊ नका.

साथ दोन प्रकारची

रियाजाला आपण तबल्याचं अ‍ॅप लावतो. ते ठरलेल्या लयीत चालतं, तुम्ही चुकलात तरी थांबत नाही. बँड-इन-अ-बॉक्स किंवा जेजॅझलॅब यांसारखी सॉफ्टवेअर याच जातीची: कॉर्ड आणि शैली द्या, ती वाजवत राहतात.

दुसरा प्रकार गायकाकडे कान लावून बसलेल्या पेटीवाल्यासारखा. सॉफ्टवेअरकडे तुमच्या धूनेचं नोटेशन आधीच असतं. तुम्ही वाजवाल तसं ते जुळवून पाहतं आणि साथ पुढे-मागे करतं. १९८४ च्या आंतरराष्ट्रीय कॉम्प्युटर म्युझिक परिषदेत रॉजर डॅननबर्ग आणि बॅरी व्हर्को यांनी अशा पद्धती स्वतंत्रपणे मांडल्या. माझा प्रयोग या प्रकारावर आहे.

जोडणी

१. कीबोर्ड आधी जोडा, सॉफ्टवेअर नंतर उघडा. बरीच सॉफ्टवेअर सुरू होतानाच उपकरणांची यादी करतात.

२. सेटिंगमध्ये इनपुटला तुमचा कीबोर्ड निवडा आणि आउटपुटला सिंथ. कीबोर्डला स्वतःचा आवाज नसेल तर साउंडफॉन्ट घालून फ्लुइडसिंथ वापरता येतो. दोन प्रोग्रॅम एकमेकांना जोडायला आभासी केबल लागते: विंडोजवर लूपमिडी, मॅकवर आयएसी ड्रायव्हर. लिनक्सवर आल्सामध्येच ही सोय आहे.

३. चॅनेल वेगळे ठेवा. जनरल मिडीत १० नंबरचा चॅनेल तालवाद्यांचा असतो. चुकून त्यावर वाजवलंत तर सा-रे-ग-म ऐवजी ड्रम ऐकू येतील.

४. प्रत्येक सूर दोनदा ऐकू येत असेल तर कीबोर्डचा 'लोकल कंट्रोल' बंद करा. तोच सूर कीबोर्ड स्वतःही वाजवतोय आणि कॉम्प्युटरकडून परतही येतोय.

उशीर कुठे होतो?

मुख्यतः ऑडिओ बफरमध्ये. कॉम्प्युटर आवाज थेंबाथेंबाने सोडत नाही, बादली भरली की ओततो. सेकंदाला ४४,१०० नमुने असतील तर १०२४ नमुन्यांची बादली भरायला सुमारे २३ मिलिसेकंद लागतात, १२८ ची भरायला ३ च्या आसपास. त्यात अशा एकाहून जास्त बादल्या असतात, शिवाय ड्रायव्हरचा वेळ वेगळा. विंडोजवर एएसआयओ ड्रायव्हर वापरा आणि बफर कमी करत जा. आवाज फाटायला लागला की एक पायरी मागे या. ब्लूटूथ हेडफोन अजिबात नको, त्यांचा उशीर अनेकदा १०० मिलिसेकंदांच्या पुढे जातो.

माझी खरी चूक

आता सगळ्यात महत्त्वाचं. हा उशीर मिडीच्या नोंदीत दिसतच नाही. निरोप सॉफ्टवेअरपर्यंत कधी पोचला, एवढंच फाइलमध्ये लिहिलं जातं. वादकाच्या कानावर आवाज कधी पडला, ते नाही. म्हणून माझी फाइल बिनचूक दिसत होती. आपलाच सूर उशिरा ऐकू आला, साथही उशिरा आली, की माणूस नकळत थांबून वाट बघतो आणि लय उतरते. फाइलमध्ये फक्त उतरलेली लय उरते, कारण गायब.

म्हणून बाहेरून मोजा. सिंथवर वुडब्लॉकसारखा झटकन सुरू होणारा आवाज निवडा. फोन कीजवळ ठेवून रेकॉर्डिंग सुरू करा, स्पीकरही जवळच घ्या, कारण १ मीटर अंतराचे सुमारे ३ मिलिसेकंद वाढतात. नखाने की टक्कन वाजवा, निदान वीस वेळा. ऑडॅसिटीत उघडून 'टक' आणि स्पीकरचा आवाज यांतलं अंतर मोजा. सरासरीबरोबर चढउतारही लिहा. सारखा असलेला उशीर हिशेबात धरता येतो, कमीजास्त होणारा फार त्रास देतो.

आणखी एक खड्डा: काही कीबोर्ड की सोडल्याचा निरोप 'नोट ऑन, जोर ०' असा पाठवतात. तुमचा कोड नुसते नोट ऑन मोजत असेल तर प्रत्येक सूर दोनदा मोजला जाईल.

ड्रायव्हर, बफर, नमुना दर आणि मोजलेला उशीर या चार गोष्टी प्रयोगाच्या दिवशीच वहीत लिहा. प्रबंधाच्या पद्धतीच्या प्रकरणात त्या लागतातच.

मी प्रयोग पुन्हा केला. लय उतरण्याचा परिणाम बराचसा नाहीसा झाला. उरला तो लहान आहे, पोस्टरवर शोभणारा नाही. पण आता कुणी मॅडमचा तो प्रश्न विचारला तर माझ्याकडे आकडा आहे. तुमच्याकडे पहिला सहभागी यायच्या आधी असू द्या.