बांध ते बंदर (भाग ६) : द्राक्षाच्या पेटीमागचं सरकार

हमीभाव आणि सरकारी खरेदीचा हिशेब आपण मागच्या भागात मांडला. शेतीला सरकारी आधार म्हटला की अनुदान, कर्जमाफी, खतावरची सवलत हेच पटकन आठवतं, कारण त्यात रुपये मोजता येतात. निर्यातीत मात्र सरकारचं सगळ्यात मोलाचं काम रुपयांत मोजता येत नाही. परदेशी गिऱ्हाइकाला आपल्या मालाची खात्री पटवून देणं आणि त्या गिऱ्हाइकाच्या अटी शेतकऱ्याला वेळेवर कळवणं, हे ते काम. एकट्या शेतकऱ्याला ते जमणार नाही, एकट्या निर्यातदारालाही नाही. ते नीट झालं तर काय होतं आणि त्यात एका वर्षी फट राहिली तर काय झालं, या दोन्ही गोष्टी द्राक्षात पाहायला मिळतात.

२०२३-२४ मध्ये भारतातून सुमारे ३ लाख ४४ हजार टन ताजी द्राक्षं बाहेर गेली. त्यांची किंमत सुमारे ३,४६० कोटी रुपये. यातला सिंहाचा वाटा महाराष्ट्राचा, आणि महाराष्ट्रातही दिंडोरी, निफाड, चांदवडच्या पट्ट्याचा. सांगली, सोलापूर, जुन्नरचा माल आहेच. माल रशियाला जातो, आखातात जातो, बांगलादेशात जातो. पण भाव आणि शिस्त या दोन्हींत सगळ्यात वरचा बाजार युरोपचा.

या बाजाराची अट काय आहे ते आधी पाहू. युरोपीय संघात ज्या रसायनासाठी वेगळी मर्यादा ठरवलेली नाही, त्याच्या फळात राहिलेल्या अंशाला (म्हणजे उर्वरित अंशाला) सरसकट किलोमागे ०.०१ मिलिग्रॅमची मर्यादा लागते. म्हणजे शंभर टन द्राक्षांत एक ग्रॅम. एका कंटेनरात साधारण तेरा टन माल भरतात असं धरलं, तर सात-आठ कंटेनर मिळून एक ग्रॅम. नेहमीच्या वापरातल्या बऱ्याच औषधांना याहून सैल मर्यादा आहेत हे खरं, पण तिथल्या मोठ्या साखळी दुकानांचं समाधान कायद्याच्या मर्यादेवर होत नाही. जर्मनीतल्या काही दुकानांना उर्वरित अंश त्या मर्यादेच्या एक तृतीयांशाच्या आत हवा असतो, आणि एका नमुन्यात किती वेगवेगळ्या रसायनांचे अंश चालतील यालाही त्यांची हद्द असते.

आता ही अट आपल्या बागेवर ठेवून बघा. थंड देशांतली वेल हिवाळ्यात झोपते, आपल्याकडची झोपत नाही, म्हणून आपण वर्षातून दोनदा छाटणी घेतो. एप्रिलची खरड छाटणी काडी तयार करण्यासाठी. पुढच्या हंगामाचा घड त्या काडीच्या डोळ्यात तेव्हाच घडत असतो. ऑक्टोबरची गोडीबार छाटणी फळासाठी. गोडीबारानंतर नेमका परतीचा पाऊस गाठतो आणि कोवळ्या फुटीवर डाऊनी हा बुरशीरोग उतरतो. पुढे थंडीत भुरी, थ्रिप्स, मग पिठ्या ढेकूण. मधल्या काळात विरळणी आणि मणी फुगवण्यासाठी जीए (जिबरेलिक अ‍ॅसिड) या संजीवकाची बुडवणी. तोडणी फेब्रुवारी-मार्चला. या सगळ्या महिन्यांत बागाईतदाराच्या हातातला पंप क्वचितच कोरडा राहतो. कोणतं औषध, किती मात्रेत, तोडणीच्या किती दिवस आधी, या तीन प्रश्नांची उत्तरं चुकली की वर्षाची मेहनत प्रयोगशाळेच्या एका आकड्याखाली दबते.

२००३ साली तसं झालं. नेदरलँड्समध्ये भारतीय द्राक्षांत मेथोमिल या कीटकनाशकाचे अंश मर्यादेपेक्षा जास्त सापडले आणि सगळ्या देशाच्या मालावर संशय बसला. तोवर निर्यातीची आर्थिक घडी बऱ्यापैकी बसली होती. पणन मंडळाच्या पुढाकाराने १९९१ मध्ये सहकारी संस्थांची ‘महाग्रेप्स’ उभी राहिली होती, शीतगृहं आली होती, पुण्याजवळ मांजरीला १९९७ मध्ये राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्र सुरू झालं होतं. उणीव होती ती एका साखळीची. युरोपातल्या पेटीवरून माग काढत कोणत्या गावच्या कोणत्या प्लॉटपर्यंत जायचं, हे सांगणारं काहीच नव्हतं. त्यामुळे एकाच्या चुकीचा भुर्दंड सगळ्यांना पडत होता.

शेतमाल निर्यातीसाठीची केंद्र सरकारची संस्था अपेडा, द्राक्ष संशोधन केंद्र, राज्याचा कृषी विभाग आणि बागाईतदार यांनी मिळून मग उर्वरित अंश तपासणीची योजना आखली आणि २००६ मध्ये त्यावर ‘ग्रेपनेट’ ही संगणकीय प्रणाली चढवली. तिचं काम कसं चालतं ते जरा तपशिलात पाहण्यासारखं आहे.

शेतकरी हंगामाच्या सुरुवातीला आपला प्लॉट कृषी विभागाकडे नोंदवतो. सातबारा आणि बागेचा नकाशा जोडतो. प्लॉटला स्वतःचा क्रमांक मिळतो. फवारणीची वही ठेवावी लागते, कृषी अधिकारी बागेची पाहणी करतात. तोडणी जवळ आली की मान्यताप्राप्त प्रयोगशाळेचा माणूस स्वतः बागेत येऊन नमुना घेतो. हा मुद्दा महत्त्वाचा आहे: शेतकऱ्याने किंवा निर्यातदाराने निवडून आणलेले घड चालत नाहीत. तो ओळींमधून फिरतो, वेगवेगळ्या वेलींवरून घड काढतो, पिशवी सीलबंद करतो, वर प्लॉटचा क्रमांक टाकतो. निकाल थेट प्रणालीवर चढतो. नमुना नापास झाला तर मांजरीच्या संदर्भ प्रयोगशाळेकडून सावधानतेची सूचना निघते आणि त्या प्लॉटचा माल युरोपसाठी थांबतो. पास झाला तरच पुढची दारं उघडतात: अपेडाची मान्यता असलेलं पॅकहाऊस, तिथलं प्री-कूलिंग, अ‍ॅगमार्क, वनस्पती आरोग्य प्रमाणपत्र, आणि मग न्हावा-शेवा. प्रत्येक टप्प्यावर मागच्या टप्प्याचा क्रमांक मागितला जातो. रॉटरडॅमच्या गोदामात उभ्या असलेल्या पेटीवरून दिंडोरीतल्या प्लॉटपर्यंत उलटं चालत येता येतं ते त्यामुळे.

या व्यवस्थेचा माझ्या मते सर्वांत मोठा गुण म्हणजे ती माणसाची पत बघत नाही. दोन एकरवाल्याचा अहवाल आणि चाळीस एकरवाल्याचा अहवाल एकाच मापाने मोजला जातो. आपल्या ग्रामीण व्यवस्थेत असं फार थोड्या ठिकाणी घडतं. पुढे डाळिंबासाठी अनारनेट, आंब्यासाठी मँगोनेट, शेंगदाण्यासाठी पीनटनेट याच वाटेने आले.

तरीही २०१० साल उजाडलंच. त्या हंगामात युरोपात पोचलेल्या भारतीय द्राक्षांत क्लोरमेक्वाट क्लोराईडचे अंश मर्यादेच्या वर निघाले. बागाईतदार याला सीसीसी म्हणतात. हे काही कीडनाशक नाही, वाढ रोखणारं संजीवक आहे. खरड छाटणीनंतर वेल नुसतीच शेंड्याकडे पळू नये, काडीत घड धरावा, यासाठी ते वर्षानुवर्षं वापरात होतं. एप्रिल ते जूनमध्ये दिलेलं रसायन वेलीच्या अंगात राहून फेब्रुवारीच्या मण्यात उतरलं. आणि आपल्याकडे त्या हंगामात तपासायच्या रसायनांच्या यादीत सीसीसी नव्हतंच. शेतकऱ्याने नोंदणी केली होती, वही ठेवली होती, नमुना दिला होता, तो पासही झाला होता. सगळे नियम पाळून त्याचा माल परक्या बंदरात अडकला. खरेदीदारांनी हात आखडता घेतला, भाव कोसळले, निर्यातदारांची देणी थकली आणि त्यांच्यामागे बागाईतदारांची. नुकसानभरपाईची मागणी झाली, आंदोलनं झाली. त्या वर्षीचं कर्ज नाशिक जिल्ह्यातल्या कित्येक घरांनी पुढची अनेक वर्षं फेडलं.

त्यानंतर सीसीसी यादीत आलं, तपासायच्या रसायनांची यादी लांबली आणि दर हंगामात ती सुधारली जाऊ लागली. व्यवस्था धक्का खाऊन शिकली, मोडली नाही, ही मोठी गोष्ट. पण त्या वर्षातला एक धडा अजून पुरता उतरलेला नाही असं मला वाटतं, आणि तो वेळेचा आहे. नोंदणीची गडबड गोडीबाराच्या आसपास सुरू होते. वेलीचं वर्ष मात्र एप्रिलमध्येच सुरू झालेलं असतं. युरोपात एखादी मर्यादा बदलणार असेल तर ते खरड छाटणीच्या आधी बागेत कळायला हवं. नोव्हेंबरात आलेली दुरुस्ती कितीही बरोबर असली, तरी मे महिन्यात दिलेलं औषध वेलीतून परत काढता येत नाही.

आंब्यातही असाच अनुभव आला. फळमाशीमुळे युरोपीय संघाने १ मे २०१४ पासून आपला आंबा बंद केला. प्रक्रिया आणि तपासणी कडक केल्यावर २०१५ च्या सुरुवातीला दार पुन्हा उघडलं. अमेरिकेचं दार २००७ मध्ये उघडलं ते विकिरणामुळे. लासलगावचं ‘कृषक’ हे भाभा अणुसंशोधन केंद्राचं विकिरण केंद्र मुळात कांद्याला मोड येऊ नयेत म्हणून उभारलेलं. हापूस तिथूनच अमेरिकेला निघाला. सरकारी गुंतवणूक ज्या कामासाठी झाली त्याहून भलत्याच कामाला आली, पण आली.

लासलगावचं नाव निघालं की कांद्याकडे वळावंच लागतं. कांदा आणि द्राक्ष एकाच जिल्ह्यात, पुष्कळदा एकाच घरात पिकतात. तोच शेतकरी, तेच सरकार, तेच बंदर. पण वागणूक पाहा. २९ सप्टेंबर २०१९ ला निर्यातबंदी, मार्च २०२० मध्ये उठली. १४ सप्टेंबर २०२० ला पुन्हा बंदी, १ जानेवारी २०२१ ला उठली. ऑगस्ट २०२३ मध्ये ४० टक्के निर्यातशुल्क, ऑक्टोबर अखेरीस टनाला ८०० डॉलरची किमान निर्यात किंमत, ८ डिसेंबरला पूर्ण बंदी. ती ४ मे २०२४ ला उठली, पण ५५० डॉलरची अट आणि ४० टक्के शुल्क ठेवून. सप्टेंबर २०२४ मध्ये किमान किमतीची अट गेली, शुल्क २० टक्क्यांवर आलं, आणि १ एप्रिल २०२५ पासून शुल्कही गेलं. यातले बहुतेक निर्णय शेतकऱ्याला दुसऱ्या दिवशी सकाळी लिलावातच कळले.

शहरातल्या गरिबाच्या ताटातला कांदा महागू नये ही काळजी रास्त आहे, तिला मी कमी लेखत नाही. पण एका हाताने कांदाचाळीला अनुदान द्यायचं, म्हणजे शेतकऱ्याने माल राखावा आणि चांगल्या भावाची वाट पाहावी; आणि तो भाव आला की दुसऱ्या हाताने बंदर बंद करायचं, ही धोरणं एकमेकांना मारतात. ढाक्याच्या किंवा दुबईच्या व्यापाऱ्याला दर वर्षी असा अनुभव आला तर तो दुसरीकडून माल मिळवायची सोय करणारच, आणि त्याने ती केलीही. डिसेंबर २०१८ च्या केंद्राच्या कृषी निर्यात धोरणात स्थिर व्यापार धोरणाचा शब्द दिलेला आहे. प्रक्रिया केलेल्या आणि सेंद्रिय मालाबाबत तो बऱ्यापैकी ठोस आहे. कांद्याच्या वाट्याला तो आला नाही.

थेट पैशाच्या योजनांबद्दल थोडक्यात. निर्यातीवर मिळणारा ‘एमईआयएस’चा लाभ जागतिक व्यापार संघटनेत आव्हान मिळाल्यावर २०२० च्या अखेरीस संपला. त्याच्या जागी भरलेल्या करांचा परतावा देणारी ‘रोडटेप’ योजना आली. शेतमालाच्या वाहतुकीवर आणि विक्रीखर्चावर निर्यात अनुदान देण्याची विकसनशील देशांची मुभाही २०१५ च्या नैरोबी परिषदेतल्या निर्णयानुसार २०२३ च्या अखेरपर्यंतच होती. थेट पैशाचं दार असं बंद होत चाललं आहे. याउलट प्रयोगशाळा, रोगमुक्त रोपं, शीतसाखळी, हवामानाचा अंदाज, शेतकऱ्यांचं प्रशिक्षण यांवर सरकारने कितीही खर्च केला तरी त्याला कुणी हरकत घेत नाही. महाराष्ट्राने आशियाई विकास बँकेच्या कर्जातून २०२१ मध्ये सुरू केलेला ‘मॅग्नेट’ प्रकल्प याच वाटेवरचा आहे. पुढची गरज तर आणखी मोठी आहे. अवकाळी पाऊस आणि गारपिटीने बागाईतदार इतका पिचला आहे की अनेकांनी बागांवर कुऱ्हाड चालवली. बांगलादेशाने फळांवरचं आयातशुल्क चढवलं. तांबड्या समुद्रातल्या हल्ल्यांमुळे २०२३ च्या अखेरीपासून जहाजं आफ्रिकेला वळसा घालू लागली आणि युरोपचा प्रवास दहा-पंधरा दिवसांनी लांबला. शून्य ते दोन अंशांत ठेवलेल्या घडालाही हे दिवस जड जातात. वेल काडीपासून मजबूत असेल तरच तो टिकतो.

एक प्रश्न मला सतत टोचतो. हॉलंडच्या गिऱ्हाइकासाठी आपण प्लॉटनिहाय तपासणी उभी केली. पुण्या-मुंबईच्या, नागपूरच्या बाजारात हातगाडीवर मिळणाऱ्या घडाला ती नाही. उर्वरित अंशांच्या मर्यादा देशातही कायद्याने ठरलेल्या आहेत, पण इथल्या मुलाच्या हातातला घड कोणत्या प्लॉटचा हे कुणी सांगू शकत नाही. यंत्रणा तयार आहे, माणसं तयार आहेत, शेतकऱ्याला सवय झाली आहे. तिचा एक सोपा अवतार घरच्या बाजारासाठी आणायला हरकत नसावी.

वाचकांत जे बागाईतदार आहेत त्यांना एवढंच सांगणं: खरड छाटणीच्या आधी मांजरीच्या केंद्राची किंवा बागाईतदार संघाची चालू यादी हाताशी ठेवा, आणि फवारणीची वही निर्यात करायची नसली तरी लिहा. सरकारकडे मागणी दोनच गोष्टींची करू या. परदेशी मर्यादांतले बदल मार्चअखेर गावात पोचावेत, आणि कांद्याच्या निर्यातीबाबत कोणताही निर्णय किमान एका हंगामाची पूर्वसूचना देऊनच व्हावा.

(पुढील भागात : आयातशुल्क आणि व्यापार करार. चिली, पेरूचं द्राक्ष आपल्यापेक्षा स्वस्त का पडतं?)