आवाज आणि वजन

कामगारांच्या सभांत आम्ही नेहमी पाहतो : भरदार आवाजाचे म्हणणे चटकन पटते, बारीक आवाजाचे राहून जाते. पण आवाज म्हणजे काय? कंठातील दोन स्वरतंतूंचे कंपन. बोलताना ते लहान मुलांत सेकंदाला सुमारे ३००, स्त्रियांत २००, पुरुषांत १२० वेळा होते. वयात येताना मुलाचे स्वरतंतू लांब व जाड होतात. तंबोऱ्याची खर्जाची तार जाड असते, तसेच हे. आवाज जवळजवळ एक सप्तक उतरतो. मुलीचा थोडाच उतरतो. म्हातारपणी पुरुषाचे तंतू पातळ होऊन आवाज किंचित चढतो, स्त्रीचा मात्र खाली येतो. हा सारा लांबी-जाडीचा हिशेब. अकलेशी वा हिमतीशी त्याचा संबंध नाही. तेव्हा बाईचे किंवा म्हाताऱ्याचे बोलणे ऐकताना आपण आवाज नव्हे, मुद्दा तोलावा.