जर्मनीतील महाचलनवाढीच्या काळातील नोटांचा संग्रह : एक अभ्यास

प्रस्तावना

जुन्या नोटांचा संग्रह हा सामान्यतः फावल्या वेळेचा छंद मानला जातो. तथापि इतिहास व अर्थशास्त्र या दोन्ही विद्याशाखांच्या दृष्टीने चलनी नोट हे एक प्राथमिक साधन होय. १९२२-२३ मधील जर्मन नोटा हे याचे ठळक उदाहरण आहे. या नोटांचे वाचन कसे करावे आणि त्यांतून काय हाती लागते, याचे विवेचन प्रस्तुत लेखात केले आहे.

ऐतिहासिक पार्श्वभूमी

ऑगस्ट १९१४ मध्ये पहिले महायुद्ध सुरू होताच जर्मनीने नोटांच्या बदल्यात सोने देणे थांबविले. युद्धखर्चाचा मोठा भाग करांऐवजी कर्जातून भागविला गेला. युद्धोत्तर काळात अंदाजपत्रकातील तूट व नुकसानभरपाईचा बोजा यांची त्यात भर पडली. जानेवारी १९२३ मध्ये फ्रान्स व बेल्जियम यांनी रूर हा औद्योगिक प्रदेश व्यापला. तेथे असहकार पुकारलेल्या कामगारांचे वेतन सरकारने नोटा छापून भागविले. १९१४ मध्ये एका डॉलरला ४.२ मार्क पडत. जानेवारी १९२३ मध्ये हा दर सरासरी सुमारे १८ हजार, जुलैमध्ये सुमारे साडेतीन लाख आणि २० नोव्हेंबर १९२३ रोजी ४.२ लाख कोटी मार्क झाला.

नोटांचे स्वरूप व प्रकार

या वेगाची नोंद नोटांच्या अंगावरच उमटलेली आहे. सरकारी मुद्रणालय अपुरे पडल्याने शंभराहून अधिक खासगी छापखाने कामास लावले गेले. त्यांची संकेताक्षरे नोटांवर आढळतात. अनेक नोटांची मागील बाजू कोरी आहे. १५ डिसेंबर १९२२ या तारखेच्या एक हजार मार्कांच्या नोटेवर १९२३ मध्ये तांबड्या शाईने 'एक अब्ज मार्क' असे छापून ती चलनात आणली गेली.

राइशबँकेच्या नोटांखेरीज नगरपालिका, कारखाने व रेल्वे यांनी काढलेले 'नोटगेल्ड' हा दुसरा मोठा प्रकार होय. येथील 'नोट' या जर्मन शब्दाचा अर्थ निकड वा संकट असा आहे. कागदी नोटेशी त्याचा संबंध नाही. बीलेफेल्ड शहरात तर रेशमी कापडावरही असे चलन छापले गेले. १९२१-२२ मधील सचित्र मालिका मुख्यतः संग्राहकांना विकण्यासाठीच काढल्या होत्या. १९२३ मधील नोटगेल्ड मात्र पगार वाटण्यासाठी रोकड नसल्याने निघाले. संग्राहकाने हे दोन्ही प्रकार वेगळे ठेवणे आवश्यक आहे.

संग्राहकाने घ्यावयाची दक्षता

पहिली दक्षता अंकवाचनाची. जर्मन नोटेवरील 'मिलियार्डे' म्हणजे एक अब्ज आणि 'बिलियोन' म्हणजे एक लाख कोटी. अमेरिकी 'बिलियन' म्हणजे केवळ एक अब्ज. दुसरी दक्षता तारखेची. २१ एप्रिल १९१० ही तारीख असलेल्या एक हजार मार्कांच्या नोटा महायुद्धानंतरही छापल्या जात होत्या. युद्धपूर्व नोटांवरील मुद्रा तांबडी, तर नंतरच्यांवर हिरवी आहे. तिसरी बाब किमतीची. दर्शनी मूल्य मोठे म्हणून नोट दुर्मीळ, असे समीकरण मांडता येत नाही. कोट्यवधी मार्कांच्या अनेक नोटा विपुल छापल्या गेल्याने आजही स्वस्त मिळतात. याउलट १५ फेब्रुवारी १९२४ या तारखेची शंभर लाख कोटी मार्कांची नोट दुर्मीळ आहे. कारण ती चलन स्थिरावल्यानंतरची असून एका नोटेचे मूल्य शंभर स्थिर मार्कांएवढे होते.

नोटेवरील वचन

१५ नोव्हेंबर १९२३ रोजी रेंटेनमार्क हे नवे चलन आले. एक लाख कोटी जुन्या मार्कांचा एक रेंटेनमार्क ठरला. युद्धापूर्वी ज्याने दहा हजार मार्क साठविले होते, त्याच्या हाती एका फेनिगचा दहा लाखावा भाग उरला. १९२५ च्या कायद्याने गहाणकर्जांचे पुनर्मूल्यन साधारणतः २५ टक्के दराने झाले. नोटाधारकांना ती सवलत मिळाली नाही. तांबड्या मुद्रेच्या नोटा जपून ठेवणाऱ्यांची आशाही फोल ठरली. त्या नोटांवर बँक 'धारकाची ओळख न तपासता' रक्कम देईल, असे वचन छापलेले आहे. १९२३ च्या नोटांवर हे देण्याचे वचन कायम राहिले. मात्र ही नोट पुढे परत मागवून अन्य चलनात बदलून दिली जाऊ शकते, अशी पुस्तीही त्यास जोडली गेली.

योगायोग असा की, १९२३ मध्येच डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांचा 'द प्रॉब्लेम ऑफ द रुपी' हा ग्रंथ लंडनमध्ये प्रसिद्ध झाला. चलन निर्माण करण्याच्या सरकारी अधिकारास मर्यादा असावी, हा त्यातील आग्रह होता. त्या आग्रहाचे महत्त्व जर्मन नोटा समोर ठेवल्यास विद्यार्थ्यांस सहज पटू शकते.

समारोप

सारांश, या नोटांवरील शून्ये कुतूहल जागे करतात. परंतु संग्रहाचे खरे मोल कोरी पाठ, तांबडा ठसा व छापील वचन यांच्या वाचनात आहे. प्रत्येक नोटेसोबत तिची तारीख, मुद्रा, संकेताक्षर आणि त्या काळचा डॉलरचा दर यांची नोंद ठेवल्यास महाविद्यालयातील छोटासा संग्रहही अध्यापनाचे उपयुक्त साधन ठरेल.