राष्ट्रपतींची निवड आणि पाचगणीचा मतदार

पाचगणीच्या नागरिकास आपला नगराध्यक्ष स्वतः निवडता येतो. 2016 मध्ये राज्याने हा अधिकार जनतेकडे दिला, 2020 मध्ये तो काढून नगरसेवकांकडे सोपविला, आणि 2022 मध्ये पुनः जनतेस परत केला. मग गावचा प्रथम नागरिक आमच्या मताने आणि देशाचा प्रथम नागरिक मात्र परभारे, हे कसे, असे घरातील तरुण मंडळी विचारतात. प्रश्न रास्त आहे.

व्याकरणात 'करणारा' एक आणि 'करविणारा' दुसरा असतो. राष्ट्रपतींच्या निवडणुकीत वाई मतदारसंघाचे आमदार व साताऱ्याचे खासदार हे करणारे, आणि पाचगणीचा मतदार हा करविणारा. संविधान सभेत प्रा. के. टी. शहा यांनी सर्व प्रौढ मतदारांनीच राष्ट्रपती निवडावा, अशी सूचना आणली होती. साताऱ्याच्या शाळेत शिकलेल्या डॉ. आंबेडकरांनी 1948 मध्ये ती अमान्य केली. राष्ट्रपती हा मंत्रिमंडळाच्या सल्ल्याने वागणारा. त्याच्यासाठी अवघ्या देशाचे मतदान कशास, हा त्यांच्या उत्तराचा एक भाग होता. आम्हांस तो पटतो. थेट जनतेने पाठविलेला राष्ट्रपती पंतप्रधानांपुढे मुकाट्याने सही करील, हे संभवत नाही.

अन्याय असलाच तर तो निराळ्या ठिकाणी आहे. राज्याच्या लोकसंख्येस आमदारांच्या संख्येने भागावयाचे व आलेल्या भागाकारास पुनः हजाराने भागावयाचे. हे आमदाराच्या मताचे मूल्य. परंतु ही लोकसंख्या आजची नव्हे, 1971 ची! त्या वर्षी महाराष्ट्रात 5 कोटी 4 लक्ष माणसे होती व आमदार 288. म्हणून मूल्य 175. तामिळनाडूचे 176. आता 2011 च्या जनगणनेने हेच गणित कोणीही पाटीवर करून पाहावे: महाराष्ट्राचे 390 भरते आणि तामिळनाडूचे 308. म्हणजे तामिळनाडूच्या आमदाराहून वाईच्या आमदाराचे मत सवाईने वजनदार असावयास हवे, ते कागदोपत्री एका अंकाने हलकेच राहिले आहे.

आकडे गोठविले ते 1976 च्या बेचाळिसाव्या घटनादुरुस्तीने. 2001 च्या चौऱ्याऐंशीव्या दुरुस्तीने ती मुदत 2026 नंतरच्या पहिल्या जनगणनेपर्यंत लांबविली. ज्या राज्यांनी कुटुंबनियोजन मनावर घेतले त्यांचे वजन घटू नये, हा हेतू होता, आणि तो वाईट म्हणवत नाही. तथापि मुंबई-पुण्यास पोटासाठी येऊन स्थायिक झालेली लक्षावधी कुटुंबे येथेच मतदान करतात. त्यांचा जन्मदराशी काय संबंध? त्यांना या गणितात जागाच नाही.

दुसरी गोष्ट गुप्ततेची. राज्यसभेच्या निवडणुकीत 2003 पासून आमदारास आपली मतपत्रिका पक्षाच्या प्रतिनिधीस दाखवावी लागते. राष्ट्रपतींच्या निवडणुकीत मतदान गुप्त असते व पक्षादेशही बंधनकारक नसतो. आमदारास यामुळे मोकळीक मिळते, हे खरे. पण त्याने आपल्या नावावर कोणास मत टाकले, याची खातरजमा करण्याचा मार्ग पाचगणीच्या मतदारास उरत नाही.